उजव्या हातावरचं फूल

भाग्यश्रीनं सहलीचा बेत माझ्यापुढे मांडला तेव्हा मी वाल सोलत होते. भिजवलेले वाल सोलताना माणसाचे हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, हे तिला पक्कं माहीत आहे. तरी ती नेमकी त्याच वेळी येते.

भाग्यश्री माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आठवडाभर ठाण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि शनिवार आला की तिच्या अंगात येतं. गेल्या वर्षी ट्रेकिंग होतं, त्याआधी सेंद्रिय भाजी होती. यंदा 'आपले देव, आपला इतिहास'. म्हणजे ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांना आसनगाव स्टेशनवरून गाडीत घालायचं, शहापूर-मुरबाडची जुनी देवस्थानं दाखवायची, प्रत्येक ठिकाणी त्याची गोष्ट सांगायची आणि दुपारी गावचं जेवण वाढायचं. त्यातलं जेवण म्हणजे मी. स्टेशनाजवळ माझी छोटी खानावळ आहे. पोळी-भाजीचे डबे बांधता बांधता नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला, डबे मात्र राहिले.

"सकाळी माहुलीच्या पायथ्याचा महादेव," ती मोबाइलवरच्या नकाशावर बोट फिरवत म्हणाली. "मग किन्हवलीवरून सरळगाव. मग म्हशाचा खांबलिंगेश्वर. तिथं जेवण. मग आपल्या पळसठावचा उंबऱ्या देव आणि शेवटी वैशाखऱ्यावरून नाणेघाटाचा पायथा. वरची लेणी ज्यांच्या गुडघ्यांना झेपतील त्यांनी बघायची."

"एका दिवसात एवढे देव? दर्शन आहे का हजेरी?"

"मीनाआत्या, लोकांना रविवार एकच मिळतो."

आम्ही म्हशाच्या यात्रेला जायचो तेव्हा एका देवाला दोन दिवस लागायचे. पौषातली थंडी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यावर मी. म्हशाचं नाव काढलं की मला अजून घोंगड्यांचा वास येतो. आबा दर वर्षी घोंगडी विकणाऱ्याशी तासभर घासाघीस करायचे आणि शेवटी न घेता निघायचे. मग परत वळून घ्यायचे. आई म्हणायची, तुमचा बाप देवाला भेटायला येतो का घोंगडीवाल्याला, तेच मला कळत नाही. ते दिवस गेले. आता लोकांना वॉशरूमची सोय आहे का आणि जैन जेवण मिळेल का, हे आधी विचारायचं असतं. तेही बरोबरच आहे म्हणा. पोटाची आणि इतर सोय नसली तर देवातही मन लागत नाही.

"आणि पळसठावला," भाग्यश्री जरा हळू आवाजात म्हणाली, "धोंडूआजी गोष्ट सांगेल. देवळात बसून. कौलाची."

माझ्या हातातला वाल निसटून पार भांड्यांखाली गेला.

"ती देवळात यायची नाही," मी म्हणाले. "आणि ती आली तर मी यायची नाही. डबे गाडीत ठेवून परत फिरेन."

आता हे सगळं उलगडून सांगायला हवं. पळसठाव हे माझं माहेर. गावाचं नाव मी बदललंय, गुगलवर शोधत बसू नका. मुरबाड तालुक्यात डोंगराच्या कुशीत वरई-नाचणीचं आणि खाली थोड्या भाताचं गाव होतं ते. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आता वर रस्त्याला नवं पळसठाव आहे. सरळ रेषेत आखलेली घरं, सिमेंटचं देऊळ आणि त्या देवळात आमचा उंबऱ्या देव. जुन्या गावात तो उंबराखाली होता, म्हणून उंबऱ्या. मूर्ती वगैरे काही नाही, मांडीएवढा उभा दगड. मागच्या लोकांनी त्याला चार भिंती आणि कौलारू छप्पर दिलं होतं, बस.

आबा त्या देवाचे भगत होते. आमच्या गावाची रीत अशी होती की मोठं काही ठरवायचं असेल तर देवाचा कौल घ्यायचा. भगतानं आत जायचं. बरोबर त्याच्या घरातलं एकच माणूस, दिवा धरायला. दार लावून घ्यायचं, गाव बाहेर थांबायचं. देवाच्या उजव्या अंगाला एक फूल आणि डाव्या अंगाला एक फूल पाण्यानं चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. मग पडलेलं फूल तळहातावर घेऊन भगतानं बाहेर यायचं. उजवं फूल उजव्या हातावर, डावं डाव्या हातावर. तोंडानं बोलायचं काही नाही. गावानं फक्त हात बघायचा.

गाव उठलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी खालच्या आळीच्या ओट्यांना लागलं होतं. कुणाची म्हैस वाहून गेली, कुणाची कणगी. सरकारी जीप आली, भोंगा आला, साहेब हात जोडून गेला. गाव हलेना. म्हातारी माणसं म्हणाली, देव उठेल तेव्हा आमी उठू. शेवटी वैशाखात कौल लावायचं ठरलं. आबा आत गेले, दिवा धरायला त्यांची बहीण धोंडूआत्या गेली. ती लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आलेली, आमच्यातच राहायची.

मी बाहेर होते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. ऊन असं होतं की पायाखालची माती चटके देत होती आणि तरी कुणी सावलीला गेलं नाही. मग दार उघडलं आणि आबा उंबऱ्यात उभे राहिले. उजवा हात पुढे. त्याच्यावर कुड्याचं पांढरं फूल. गावातून जो आवाज उठला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. रडणं होतं का ओरडणं, तेच कळलं नाही. आबांचा हात थरथरत होता. मला वाटलं, एवढ्या मोठ्या देवाचा होकार, त्याचं वजन असणारच.

चार दिवसांनी गाव उठलं. गाड्यांवर दारं, खिडक्या, पाटे, वरवंटे, कोंबड्या. सगळ्यांच्या पुढे आबा. टोपलीत नवं फडकं अंथरून देव डोक्यावर घेतलेला. चढावर लोक म्हणाले, भगत, आमी घेतो थोडा वेळ. आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. वर पोचल्यावर त्यांची मान आठ दिवस वळत नव्हती. माझ्या बापाचं नाव काढलं की मला हेच आठवतं आणि माझा ऊर भरून येतो. दुसऱ्या कुणाच्या बापानं देव डोक्यावर आणलाय?

आणि धोंडूआत्या, सख्खी बहीण, जिनं दिवा धरला होता, तिनं नव्या देवळात पाऊल टाकलं नाही. चाळीस वर्षं. देवाची पालखी दारावरून जायची तेव्हा ती घरात जाऊन दार ओढून घ्यायची. लोक विचारायचे, काय गो, देवावर रुसलीस का? ती म्हणायची, मला गुडघ्याचं दुखणं आहे. तेव्हा ती चाळीस-पंचेचाळिशीची होती आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची. आबा गेले तेव्हाही तिनं देवळातून अंगारा आणायला नकार दिला. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलते. माझ्या बापानं आणलेला देव तिला चालत नाही, मग मला ती चालत नाही. सरळ हिशोब.

"तुम्ही दोघी भांडत बसा," भाग्यश्री म्हणाली. "कौल ज्यांनी घेतला त्यातलं एकच माणूस आज जिवंत आहे. ती गोष्ट मी सांगितली तर माहिती होते, तिनं सांगितली तर गोष्ट होते. आणि पळसठावमधनं उठून कल्याणला, बदलापूरला गेलेल्यांची मुलं-नातवंडं पहिल्या गाडीत यायची आहेत. त्यांना काय दाखवू, टाइल्स?"

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा राग माझ्यापाशी ठेवून मी तिच्याबरोबर गेले. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही तिच्या गाडीनं सगळा रस्ता एकदा फिरून बघायला निघालो. कुठं किती वेळ लागतो, कुठं सावली आहे, कुठं म्हातारी माणसं बसू शकतील. माहुली, म्हसा करत पळसठावला पोचलो तर धोंडूआत्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. ऐंशी पार झालेली, पाठीत वाकलेली, पण डोळे तेच, समोरच्याच्या आरपार जाणारे.

भाग्यश्रीनं सगळं समजावून सांगितलं. लांबून लोक येणार, तू फक्त बस आणि जे झालं ते सांग. आत्या ऐकत राहिली. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे.

"देवळात बसून सांगायचं?"

"हो आजी. देवासमोर."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला वाटलं, आता गुडघा दुखायला लागेल.

"आधी जुन्या गावात ने," ती म्हणाली. "पानी खाली गेलंय म्हनतात. आधी तिकडं, मग तुझं देऊळ बघू."

मे महिन्यात धरणाचं पाणी पार आत सरतं आणि जुनं पळसठाव उघडं पडतं. मी लग्नानंतर तिथं गेलेच नव्हते. गाडी जिथवर गेली तिथवर नेली, पुढे भेगाळलेल्या चिखलातून चालत. धोंडूआत्या मधे, आम्ही दोघी दोन बाजूंनी. तिचा हात धरायचा म्हणजे मला संकटच होतं, पण पडली असती तर भाग्यश्रीनं मला सोडलं नसतं.

सगळं एकाच रंगाचं झालं होतं. घरांचे चौथरे, विहिरीचं तोंड, दगडी जात्याची एक तळी. पण पाय विसरत नाहीत. खालची आळी आली तसं मला कळलं, इथं सोनाराच्या बोरीखाली आम्ही बोरं वेचायचो. इथं चिखलात पाय रुतला म्हणून मी रडले होते आणि आबांनी मला पायासकट उपटून काढलं होतं. आमच्या घराची पायरी सापडली. धोंडूआत्यानं त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हितं तुझी आय नाचनी निवडायची. तुझ्या आयचे हात लय जलद." एवढंच. माझं तोंड तिला दिसू नये म्हणून मी पुढे चालू लागले.

देवळाचा चौथरा उंचावर होता म्हणून अजून शाबूत. उंबराचा नुसता बुंधा राहिला होता, काळा पडलेला. पाणी तिथून हाकेच्या अंतरावर. भाग्यश्री फोटो काढत, लोकांना कुठून आणायचं ते बघत लांब गेली. आत्या चौथऱ्याच्या काठावर बसली. जिथं देव होता तिथं आता गाळ होता. तिनं त्या गाळाला हात जोडले.

ते बघून माझं डोकं फिरलं.

"इथं हात जोडतेस?" मी म्हणाले. "चिखलाला? आणि वर देव बसलाय त्याला नाही? माझ्या बापानं मान मोडून घेतली, देव डोक्यावरून नेला. सख्खी बहीण तू. त्याचा जीव गेला तरी तू त्याच्या देवाला नमस्कार केला नाहीस. त्याचं मन किती दुखलं असेल, कधी विचार केलास?"

आत्यानं मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "बस."

मी बसले.

"फूल डावं पडलं होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"डावं पडलं गो. मी दिवा धरला व्हता. सरळ पडलं, देवाच्या डाव्या पायाशी. उजवं चिकटूनच व्हतं. देव नाय म्हनाला. मला नाय यायचं म्हनाला. दादा किती येळ तसाच बसला. मी म्हनलं, दादा, आता काय? त्यानं फूल उचललं. डाव्या हातात घेतलं. मग उजव्या हातात घेतलं. माझ्याकडं बघून म्हनाला, देव बुडत नाय गो धोंडे. पोरं बुडतात. आन् दार उघडलं."

पाण्यावरून वारा येत होता. लांबवर भाग्यश्री कुणाशी तरी फोनवर बोलत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं.

कुड्याची फुलं सगळी सारखी पांढरी. एकदा खाली पडली की कुठलं उजवं आणि कुठलं डावं, कोण सांगणार? गावानं हात बघितला होता. गाव कायम हातच बघत आलं होतं. मला तो हात दिसला, थरथरणारा. आणि पुढचीही वर्षं दिसली. आबांनी त्यानंतर कधीच कौल घेतला नाही. लोक म्हणायचे, एवढा मोठा कौल घेतल्यावर आता देवाला त्रास कशाला. आबा रोज पहाटे देऊळ झाडायचे आणि झाडून झालं की बाहेर पायरीवर येऊन बसायचे. आत कधी बसले नाहीत. कुणी भगताचा मान म्हणून नारळ दिला तर शेजारच्या पोराच्या हातात द्यायचे. मी समजत होते, माझा बाप किती नम्र आहे.

"मग तू का नाही गेलीस देवळात?" मी विचारलं. "त्याचा राग होता?"

"कुनाचा राग? दादाचा? त्यानं केलं ते बरोबर केलं. त्याच पावसात हितं कमरेएवढं पानी नाचत व्हतं." आत्यानं पदरानं नाक पुसलं. "मी देवासमोर गेले की तो इचारनार. दिवा तू धरलास ना धोंडू, मग सांग. खरं सांगितलं तर दादा खोटा. खोटं सांगितलं तर मी खोटी. म्हनून गेलेच नाय. जो समोर नाय, त्याला कोन इचारनार?"

"आबांना हे माहीत होतं?"

"आमी कधी बोललोच नाय. तो पायरीवर बसायचा, मी घरात बसायची."

मला रडू आलं. स्वतःची लाजही वाटली नाही आणि कुणाचा रागही आला नाही, नुसतं रडू आलं. इतकी वर्षं मी ज्या दोन माणसांना एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं, ती दोघं एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना एकेकटी बसली होती. आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. चिंचेचा वास होता त्या हाताला.

"चल," ती म्हणाली. "पोरगी येते. तोंड पूस."

"आता देवळात नको जायला," मी म्हणाले. "मी भाग्यश्रीला सांगते. गोष्ट तिची ती सांगेल."

"जाऊ. आलेय एवढी तर जाऊ."

नव्या देवळाची किल्ली लडकूदादाकडे असते. लडकूदादा आमच्याच आळीतला, आता सत्तरीच्या घरातला, देवस्थान कमिटीचा म्होरक्या. आम्ही तिघी आलेल्या बघून तो धावतच आला आणि धोंडूआत्याला पायरीवर उभी बघून जागच्या जागी थांबला. कुलूप काढताना त्याच्या हातून किल्ली दोनदा पडली.

आत्या उंबऱ्याशी थांबली. आत गुळगुळीत लाद्या, स्टीलचे कठडे, रंगीत बल्बांची माळ आणि मधे तो. शेंदरानं माखून फुगलेला, वर चांदीचे डोळे.

"केवढा शेंदूर थापलाय रे त्याच्यावर," ती लडकूदादाला म्हणाली. "श्वास कुठनं घ्यायचा त्यानं?"

मग उजवा पाय आत टाकला. भाग्यश्रीनं तिला खाली बसायला आसन दिलं. लोक कुठं बसतील, आजी कुठं बसेल, आवाज किती घुमतो, ती बघत होती. लडकूदादा मात्र आत्यासमोर उकिडवा बसला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"धोंडूबाय," तो म्हणाला, "लोक यायचे तेव्हा येतील. त्येच्या आधी मला एक सांग. इतकी वर्सं इचारीन इचारीन म्हनतोय. तू देवळात येत नव्हतीस म्हनून गावात कुजबुज व्हती. काय तरी इपरीत झालं असंल आत, असं बोलायचे. आता पोरं सगळी बाहेर जातात, बोअर आटली, की परत तेच निघतं. परवा मीटिंगला एक पोरगा उठून म्हनाला, देव आपखुशीनं आला का तुमी उचलून आनला? मला उत्तर देता आलं नाय." त्यानं टोपी उलटी केली, सुलटी केली. "माझी आय घर सोडायला तयार नव्हती. खांबाला मिठी मारून बसलेली. कौल झाला तेव्हा सुटली. हितं आली आन् सहा म्हयन्यात गेली. जाताना म्हनाली, देवानं सांगितलं म्हनून आले, नायतर आले नसते. धोंडूबाय, फूल कुठलं पडलं?"

भाग्यश्री मोबाइल खाली करून ऐकायला लागली.

धोंडूआत्या देवाकडे बघत होती, लडकूदादाकडे नाही.

"मी दिवा धरला व्हता," ती म्हणाली. "दादानं फूल उजव्या हातावर घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

खोटं नव्हतं ते. म्हातारीनं चाळीस वर्षं विचार करून एक वाक्य शोधून ठेवलं होतं, ज्यात भाऊही वाचत होता आणि तीही. मला वाटलं, आता उठावं आणि तिला बाहेर न्यावं.

पण लडकूदादा हलला नाही.

"ते गावानं बी बघितलं," तो म्हणाला. "हात बघितला. मी पडलं कुठलं ते इचारतोय."

आत्याच्या मांडीवरचे हात एकमेकांत गुंतले होते. तिनं देवाच्या चांदीच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही.

"उजवं," ती म्हणाली. "उजवं पडलं लडकू. तुझी आय बरोबर आली."

लडकूदादानं टोपीत तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना बघायची सवय नसते, म्हणून आम्ही तिघी दुसरीकडे बघत राहिलो. मग तो उठला, देवासमोर आडवा झाला आणि घराकडे गेला. चहा सांगायला, असं काहीतरी पुटपुटला.

भाग्यश्री गाड्या कुठं लावायच्या ते बघायला बाहेर गेली. आत्यानं मला हात दिला, मी तिला उठवलं. हलकी झाली होती की माझ्याच हातात जोर आला होता, कोण जाणे.

"कशाला बोललीस?" मी हळूच विचारलं. "देवासमोर?"

"चाळीस वर्सं दादा एकटाच व्हता गो," ती म्हणाली. "आता दोघं." तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. "आन् त्या पोरीला सांग, दर खेपेला सांगेन म्हनावं. एकदा बोललं काय, शंभरदा बोललं काय. पाप तेवढंच."

लडकूदादाच्या घरचा चहा पिऊन आम्ही निघालो. धोंडूआत्या म्हणाली, मी पन येते वैशाखऱ्यापर्यंत, घाट बघून लय दिस झाले. ती मागच्या सीटवर बसली, खिडकी उघडी ठेवून. भाग्यश्री खूश होती. पळसठावला जास्त वेळ द्यायला हवा, म्हणाली, म्हशाला थोडं आवरतं घेऊ. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"मीनाआत्या, मघाशी पाण्याजवळ तू रडत होतीस. आजी काय सांगत होती तुला?"

ही पोरगी ज्याची, तो माझा भाऊ त्या दिवशी माझ्या कडेवर होता. अंगठा चोखत, उन्हानं लाल झालेला, पाय भाजतात म्हणून उचललेला.

"तेच गं," मी म्हणाले. "कौलाचं. फूल उजवं पडलं आणि आबा दारात आले, ते सगळं आठवलं म्हणून."

"अख्ख्या गावानं बघितलंय," धोंडूआत्या मागून म्हणाली.